दुखत नाही म्हणून सोडू नका : मानेचा बधिरपणा आणि त्याची कारणे

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी, नळाला पाणी यायच्या वेळेस, मागच्या गल्लीतल्या एक मावशी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जयभीम ताई. जरा मान बघता का?"

त्यांनी पदर बाजूला केला. मानेच्या उजव्या अंगाला, कानाखाली, पाच रुपयांच्या नाण्याहून मोठा फोड येऊन फुटला होता. रात्री मान जड वाटली म्हणून त्यांनी विटेचा तुकडा तापवला, फडक्यात गुंडाळून मानेखाली घेतला आणि तशाच झोपी गेल्या.

"एवढं भाजलं, तरी जाग कशी आली नाही मावशी?"

"कळलंच नाही ओ. तिथं दुखतच नाही ना काही. सात-आठ महिने झाले, ती जागा बधिरच आहे."

सात-आठ महिने हे शब्द ऐकले आणि आम्हाला आठवले. पावसाळ्यात विहारात आरोग्य तपासणी ठेवली होती, तेव्हा याच मावशी रांगेत होत्या. "मान कशीशीच वाटते" असे त्या म्हणाल्या होत्या. आम्ही विचारले, "दुखते का?" त्या "नाही" म्हणाल्या. मागे चाळीस माणसे उभी होती. आम्ही बामची डबी दिली, डोक्यावर हंडा वाहू नका असे सांगितले आणि पुढच्या बाईला हाक मारली. जीएनएमचा कोर्स करून चौदा वर्षे वॉर्डात काढलेल्या आम्हाला दुसरा प्रश्न सुचला नाही. तो प्रश्न होता, "तिथे हात लावलेला कळतो का?"

या महिन्याचे आरोग्य पान त्या राहून गेलेल्या प्रश्नासाठी आहे. दुखले की माणूस दवाखाना गाठतो. बधिर झाले की "चला, दुखत तर नाही" म्हणून सोडून देतो. पण दुखणे आणि कळणे ही दोन्ही कामे मज्जातंतूच करतो. जागा बधिर झाली, म्हणजे तो मज्जातंतू कुठेतरी दाबला गेला आहे, सुजला आहे, उपाशी आहे किंवा जंतूंनी धरला आहे.

बधिर म्हणजे नेमके काय?

वस्तीत "मान बधिर झाली" हे एकच वाक्य आम्ही तीन वेगवेगळ्या तक्रारींसाठी ऐकतो. आधी आपली तक्रार कोणती ते ओळखा.

पहिली तक्रार म्हणजे मान आखडणे. सकाळी उठल्यावर मान वळत नाही, जड वाटते, लाकडासारखी होते; पण बोट लावले तर नीट कळते. हा खरा बधिरपणा नव्हे. स्नायू ताठरल्याने असे होते आणि बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत ओसरते.

दुसरी तक्रार म्हणजे मुंग्या किंवा झिणझिण्या. मानेत, खांद्यात किंवा मानेतून निघून थेट बोटांपर्यंत करंट उतरल्यासारखे होते. यात मज्जातंतू चिडलेला असतो.

तिसरी तक्रार म्हणजे खरा बधिरपणा. त्या जागी बोट, कापूस, गार पाणी, चटका यांपैकी काही कळत नाही किंवा जाड कापडावरून हात फिरवल्यासारखे अर्धवट कळते. याला दुखण्याहून जास्त महत्त्व द्यायला हवे.

मानेत सात मणके आहेत आणि तिथून मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडतात. वरच्या जोड्या डोक्याची मागची बाजू, कानाची पाळी आणि मानेची कातडी सांभाळतात. खालच्या जोड्या खांदा, हात आणि बोटे सांभाळतात. म्हणून मानेतला बिघाड पुष्कळदा हाताच्या बोटांत कळतो. अंगठ्याकडे मुंग्या येतात की मधल्या बोटाकडे की करंगळीकडे, यावरून कोणत्या मणक्याजवळ तंतू दाबला आहे याचा डॉक्टरांना अंदाज येतो. दवाखान्यात नुसते "हात बधिर" न म्हणता कोणते बोट ते सांगा. एक गोष्ट मात्र वेगळी काढा. रात्री झोपेत अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर अनेकदा दोष मानेत नसून मनगटात दबलेल्या तंतूचा असतो.

घरी करायची पाच मिनिटांची तपासणी

यासाठी दोघे जण लागतात. ज्याची तपासणी करायची त्याने उजेडात बसून डोळे मिटावेत. दुसऱ्याने कापसाची बारीक वात करून आधी कपाळाला हलकेच टेकवावी आणि "हे असं कळलं पाहिजे" म्हणून सांगावे. मग मानेची डावी बाजू, उजवी बाजू, मागची बाजू, कानाची पाळी, खांदे आणि हाताची बोटे अशा जागी, क्रम बदलत, कापूस टेकवावा. कळले की तपासून घेणाऱ्याने त्या जागेवर स्वतः बोट ठेवून दाखवायचे. घासायचे नाही, दाबायचे नाही, फक्त टेकवायचे. दोन्ही बाजूंत फरक पडतो का ते पाहावे.

मग गार पाण्यात बुडवलेला स्टीलचा चमचा आणि कोमट पाण्यात बुडवलेला चमचा आलटून पालटून लावावा. गार-गरम ओळखता येते का ते बघावे. सुई टोचून बघू नये, जखम होते.

शेवटी केस वर घेऊन मानेची कातडी नीट पाहावी. फिकट किंवा तांबूस चट्टा, पुरळ, गाठ, जुन्या टाक्यांची खूण यांपैकी काही दिसते का? मानेची मागची बाजू आपल्याला आरशात दिसत नाही. ती घरच्यांनीच बघायची असते.

ओझे आणि वाकलेली मान

आपल्या वस्तीत मानेच्या तक्रारींचे सर्वात मोठे कारण काम हेच आहे. एक वीट साधारण अडीच-तीन किलोची असते. दहा विटांची रास डोक्यावर घेतलेली बाई पंचवीस-तीस किलो मानेवर तोलून शिडी चढते, तेही दिवसातून कितीतरी वेळा. सिमेंटची गोणी पन्नास किलोची. कचरा वेचणाऱ्या बायांच्या पाठीवरचे पोते मान पुढे ओढते. घरी बसून शिलाई करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, इमिटेशनचे दागिने ओवणाऱ्या बायांच्या डोक्यावर काही नसते. पण डोक्याचेच वजन साडेचार-पाच किलो असते आणि मान सात-आठ तास खाली घातली की ते सगळे मागच्या स्नायूंवर येते. मोबाईल बघत बसणाऱ्या पोरांचेही तसेच.

ताठरलेल्या स्नायूंत मज्जातंतू आवळला जातो. कवटीच्या खालच्या कडेजवळ असे झाले, तर डोक्याच्या मागे झिणझिण्या येतात, केस विंचरताना दुखते. यावर काम न सोडताही थोडा इलाज करता येतो. ओझे एका खेपेऐवजी दोन खेपांत न्या. चुंबळ जाड आणि सपाट ठेवा. पाण्याचा एक मोठा हंडा नेण्यापेक्षा दोन्ही हातांत दोन छोट्या कळश्या बऱ्या. शिवणाचे काम मांडीवर न घेता पाटावर किंवा टेबलावर उंच घ्या. दर अर्ध्या तासाने मान वर करा.

डोक्यावर आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. "माथाडी" हा शब्दच माथ्यावरून आला. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला होता. ज्यांची नोंदणी राहिली असेल त्यांनी ती करून घ्यावी. मानेचे दुखणे हे कामातून आलेले दुखणे आहे, हे कुठेतरी कागदावर यायला हवे.

"मणक्यात गॅप आहे"

हे वाक्य ऐकले नाही असे घर वस्तीत सापडणार नाही. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. वयाबरोबर ती सुकते आणि चपटी होते. म्हणजे गॅप वाढत नाही, उलट कमी होतो. चाळिशीनंतर अनेकांच्या मानेचा एक्स-रे काढला तर थोडीफार झीज दिसते, मान दुखत नसली तरीही. केसांना चांदी यावी तसेच ते आहे. म्हणून एक्स-रेवर झीज दिसली एवढ्यानेच घाबरू नका. त्याचबरोबर झीज दिसली एवढ्यानेच बधिरपणाचे कारण सापडले असेही समजू नका. मावशींच्या एक्स-रेमध्येही "गॅप" सांगितला होता. त्या कागदामुळेच पुढची तपासणी लांबली.

गादी सरकून किंवा हाडाची कड वाढून तंतू दाबला गेला, तर मानेतून खांद्यात आणि एका हातात कळ जाते, ठरावीक बोटे बधिर होतात. यातली बहुतेक माणसे काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, औषध, व्यायाम आणि ओझे कमी करून बरी होतात. ऑपरेशन फार थोड्यांना लागते.

पण दाब बाजूच्या तंतूवर न येता मधल्या मज्जारज्जूवर आला, तर गोष्ट गंभीर होते. तिथे दुखणे कमी आणि खुणा बारीक असतात. ब्लाउजचे हूक किंवा सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत. हातातून भांडे निसटते. चालताना पाय अडखळतो. पायातली चप्पल निघाली तरी कळत नाही. लघवी थांबवता येत नाही. ही लक्षणे "वय झालं" म्हणून सोडू नका. मज्जारज्जूवर बराच काळ दाब राहिला तर गेलेली ताकद ऑपरेशननंतरही पूर्ण परत येईल असे नाही. वेळेत गेले तर पुढचे नुकसान थांबते.

साखर, बी-बारा आणि दारू

मधुमेहाचा बधिरपणा बहुधा पायांच्या तळव्यांपासून सुरू होतो आणि वर चढतो. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने ते हैराण झाले होते, हे आपण वाचून आहोत. नुसती मान बधिर आणि पाय ठीक असतील, तर साखरेवर सगळा दोष टाकता येत नाही. तरी साखर तपासून घ्यायलाच हवी, कारण वाढलेल्या साखरेत दुसऱ्या कारणाने दुखावलेला तंतूही लवकर भरून येत नाही.

बी-बारा हे जीवनसत्त्व कमी पडले की तंतूंवरचे आवरण खराब होते. हात-पाय दोन्ही बाजूंनी सुन्न होतात, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, थकवा येतो. मान खाली वाकवताच पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखे वाटले, तर ती मज्जारज्जूची तक्रार असते आणि बी-बारा हे त्याचे एक कारण असू शकते. बी-बारा मिळते ते मासे, अंडी, मटण, कलेजी, दूध, दही यांतून. मांसाहार सोडलेल्यांनी, वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी किंवा ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी हे तपासून घ्यावे. कमी असेल तर इंजेक्शन किंवा गोळ्यांनी भरून काढता येते.

दारूने तंतू दोन बाजूंनी मरतात. एक तर दारू स्वतः विष, आणि दुसरे म्हणजे पिणारा नीट जेवत नाही. त्यात नशेत वेडीवाकडी मान टाकून तासन्‌तास पडलेल्या माणसाचे तंतू दबतात. सकाळी त्याचा हातच उचलत नाही.

नागीण

मानेच्या एकाच बाजूला आग होते, कातडी सुन्न तरीही हुळहुळी वाटते आणि दोन-चार दिवसांत पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उठतो. ही नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर तोच विषाणू मज्जातंतूत झोपून राहतो आणि अंगातली ताकद कमी झाली की जागा होतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस मरतो, हे खरे नाही. एका मज्जातंतूच्या पट्ट्यापुरतीच ती येते. गेरू लावणे, मंत्र टाकणे यात दोन-तीन दिवस जातात आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरची गोळी सुरू केली तर सर्वात जास्त गुण येतो. डोळ्याजवळ किंवा कानाजवळ फोड असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टीबी आणि गाठी

मणक्याला टीबी होतो हे अनेकांना माहीत नसते. खोकला नसतानाही होतो. मान सतत ताठ, रात्री जास्त दुखणे, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे आणि हळूहळू हाता-पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, अशी त्याची वाट असते. कोंदट खोल्यांत दाटीने राहणाऱ्यांत टीबी जास्त, म्हणून आपण जास्त सावध राहायचे. औषधे सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. मणक्याच्या टीबीला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ औषध घ्यावे लागते. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये बँक खात्यात मिळतात. आधी ते ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले.

मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढला असेल किंवा थायरॉईडचे ऑपरेशन झाले असेल, तर टाक्यांभोवतीची कातडी काही महिने बधिर राहते. कातडीचे बारीक तंतू कापले गेल्यामुळे असे होते आणि ते सहसा आपोआप कमी होते. पण गाठ तशीच असेल, वाढत असेल आणि बाजू बधिर होत असेल, तर थांबू नका.

मावशींना काय निघाले

आता मावशींकडे येऊ. कापसाची वात त्यांच्या कानाखाली टेकवली तर त्यांना पत्ता नाही. भाजल्याच्या फोडाभोवती, केसांखाली शिरलेला, आसपासच्या कातडीहून फिकट असा चट्टा होता. मान डावीकडे वळवायला सांगितले तेव्हा कानाखालून तिरपी जाणारी एक दोरी कातडीखाली उठून दिसली. बोटाला ती सुतळीसारखी जाड लागली. तो कानाच्या पाळीकडे जाणारा मज्जातंतू. निरोगी माणसात तो सहसा असा उठून दिसत नाही. कुष्ठरोगात तो सुजतो आणि डोळ्यांना दिसतो.

आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितले. मावशींनी पहिला प्रश्न विचारला तो स्वतःच्या हातापायांचा नव्हता. "पोरीचं लग्न ठरलंय ताई. हे बाहेर कळलं तर मोडेल."

म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. कुष्ठरोग पापाने होत नाही, मागच्या जन्माने होत नाही, आईबापाच्या रक्तातून येत नाही. तो एका जंतूने होतो. नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरांनी १८७३ साली तो जंतू शोधला. सहज स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. औषध न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात लागू शकतो. बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते. लक्षणे दिसायला वर्षे लागतात. तीच औषधे गाव-शहरात सगळीकडे फुकट मिळतात. चट्टे किती आणि तंतू किती यावरून सहा महिने किंवा बारा महिने ती घ्यायची. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका संपतो. एका गोळीने लघवी लालसर होते, दुसरीने कातडी काळवंडू शकते. त्याला घाबरून औषध सोडायचे नाही. मध्येच चट्टा लाल झाला, तंतू दुखू लागला, हातात ताकद कमी वाटली, तर त्याच दिवशी दाखवायचे, कारण त्यासाठी वेगळे औषध लागते. घरातल्या माणसांची तपासणी करून त्यांना बचावासाठी रिफाम्पिसिनचा एक डोस देतात.

बोटे झडणे, हात वाकडे होणे हे उशिरा गेल्यामुळे होते. वेळेत गेलेल्या माणसाकडे पाहून कुणाला कळतही नाही. नवरा-बायकोपैकी एकाला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येईल, अशी तरतूद कायद्यांत होती. २०१९ साली ती काढून टाकली गेली. कायद्यातून ती गेली, मनातून जायला वेळ लागतो आहे. ज्यांच्या आजा-पणज्यांना स्पर्शावरून हाकलले गेले, त्यांच्याच वस्तीत कुणी आजारी बाईचा पेला वेगळा ठेवत असेल, तर आपण कुठून आलो हे विसरलो असे म्हणावे लागेल.

ताबडतोब १०८ ला फोन करा

खालीलपैकी काहीही असेल तर बाम नको, शेक नको, सकाळची वाट नको.

- अचानक चेहऱ्याची, मानेची, हाताची एक बाजू सुन्न किंवा लुळी होणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे. हा अर्धांगवायूचा झटका असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. झटका किती वाजता आला ते लक्षात ठेवा.
- मान, जबडा, डावा हात जड किंवा सुन्न होऊन छातीत दाब, घाम, धाप, मळमळ. बायांमध्ये छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मानेत कळ आणि हात-पाय बधिर. अशा माणसाला ओढून उठवू नका, बसवू नका. मान सरळ धरून ठेवा आणि गाडीची वाट बघा.
- तापाबरोबर मान पुढे वाकत नाही, डोके फुटते, शुद्ध हरपते.
- दोन्ही पायांतली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे.

हे करू नका

बधिर जागेवर तापलेली वीट, गरम पिशवी, मिठाची पुरचुंडी ठेवू नका. चटका कळत नसल्याने कातडी जळते. मावशींची जखम भरायला पाच आठवडे लागले.

केस कापून झाल्यावर मान कडाकडा मोडून घेऊ नका. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. झटक्याने त्यांची आतली भिंत फाटली, तर तरण्याताठ्या माणसालाही अर्धांगवायू होऊ शकतो. पाय देऊन, ओढून मणका बसवणाऱ्यांकडे जाऊ नका.

दर आठवड्याला "इंजेक्शन आणि सलाईन" घेऊ नका. तात्पुरता आराम देणाऱ्या इंजेक्शनांत आणि बिनचिठ्ठीच्या पुड्यांत कधी स्टेरॉईड असते. त्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि मूळ आजार झाकला जातो. कुणीही औषध दिले तर त्याचे नाव कागदावर लिहून मागा.

मानेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस वापरा. महिनोन्‌महिने घातला तर मानेचे स्नायू दुबळे होतात.

हे करा

मान नुसती आखडली असेल, खरा बधिरपणा नसेल, तर कोमट शेक चालतो. उशी एकच आणि पातळ घ्या. दिवसातून तीन वेळा साधे व्यायाम करा. भिंतीला पाठ टेकून उभे राहा, हनुवटी न उचलता मागे घ्या, पाच आकडे म्हणा, सोडा. असे दहा वेळा. मग खांदे कानाकडे उचला आणि सोडा. मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळवा. गरगर फिरवू नका. व्यायाम करताना हातात मुंग्या वाढल्या तर तिथेच थांबा.

खरा बधिरपणा असेल, मुंग्या दोन आठवड्यांत गेल्या नसतील किंवा चट्टा दिसत असेल, तर आधी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आपला दवाखान्यात जा. जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, कोणती जागा, कोणते बोट, काम काय करता, साखर किंवा टीबी घरात कुणाला आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी कापूस लावून, हातोडीने ठोकून, हाताची ताकद बघून तपासले पाहिजे. तपासले नाही तर नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, इथे हात लावलेला कळत नाही, एकदा बघा." हे म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे. हात न लावताच कुणी एमआरआय लिहून दिला, तर तो कशासाठी ते विचारा. रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, बी-बारा आणि गरजेप्रमाणे एक्स-रे यांवरून पुष्कळ कळते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. मणक्याचे ऑपरेशन लागलेच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

मावशींचा सहा महिन्यांचा कोर्स उन्हाळ्याच्या शेवटी पूर्ण झाला. चट्ट्याच्या कडेला आता स्पर्श कळतो, मधली जागा अजून अर्धवटच कळते. कदाचित तेवढीच राहील. हातापायांना काही झाले नाही. होणाऱ्या जावयाला त्यांनी स्वतःच सांगितले. आम्ही सोबत बसलो होतो. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "औषध चालू आहे ना? मग झालं." त्यानेही तपासून घेतले. लग्न वैशाखात विहारात झाले.

यंदाच्या तपासणीत आम्ही रांगेच्या टेबलावर बामच्या डब्यांशेजारी कापसाची गुंडाळी ठेवली आहे. प्रत्येकाला आता दोन प्रश्न विचारतो. आज रात्री जेवणे झाली की तुम्हीही घरातल्यांच्या मानेवर एकदा कापूस टेकवून बघा. ज्याला कळणार नाही, त्याला उद्या दवाखान्यात घेऊन जा.